जलीय जस्त-आयन बॅटरीचा इलेक्ट्रोलाइट टिकाऊ कसा करावा

जलीय जस्त-आयन बॅटरी बिघडते ती बहुतेक वेळा पाण्यामुळेच. इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे आयन वाहून नेणाऱ्या विद्रावात, जस्ताच्या आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू असतात; चार्जिंगच्या वेळी ते जस्ताच्या पत्र्यापाशी, म्हणजे ऋणाग्रापाशी, पोहोचतात, त्यांतील काहींचे विघटन होऊन हायड्रोजन सुटतो, तिथला सामू वाढतो आणि इलेक्ट्रोलाइट झिंक सल्फेटचा असल्यास पत्र्यावर क्षारकीय झिंक सल्फेटचा पांढरट थर जमतो. मग जस्त सपाट न बसता काट्यांसारखे वाढून विभाजकात (दोन अग्रांमधल्या सच्छिद्र पडद्यात) घुसते. म्हणून मोकळ्या पाण्याला आवर घालणे हेच मुख्य काम.

तुलनेसाठी आधी साधा विद्राव करावा. 57.5 ग्रॅम झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट थोड्या डीआयोनाइज्ड (आयन काढून टाकलेल्या) पाण्यात विरघळवून एकूण आकारमान 100 मिलिलिटर केले की तो 2 मोलर (लिटरमागे 2 मोल क्षार) होतो. (पूर्ण 100 मिलिलिटर पाण्यात क्षार टाकणे ही नेहमीची चूक आहे.) धनाग्र मँगनीज डायऑक्साइडचे असल्यास याच मापात 1.69 ग्रॅम मँगनीज सल्फेट मोनोहायड्रेट घालावे. त्यामुळे धनाग्रातून मँगनीज विरघळणे कमी होते.

आता काही पाण्याऐवजी एथिलीन ग्लायकॉल घेऊन 10, 20 आणि 30 टक्के आकारमानाचे विद्राव करावेत. ग्लायकॉल पाण्याच्या रेणूंना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवते. मात्र प्रमाण वाढले की विद्राव घट्ट होतो, वाहकता घटते आणि क्षार खाली बसण्याची शक्यता असते, म्हणून प्रत्येक बाटली रात्रभर ठेवून तळ पाहावा. क्षाराचे प्रमाण अतिशय वाढवूनही पाणी आवरता येते, पण तो मार्ग महाग आहे आणि माझ्या मते सुरुवातीला टाळावा.

चाचणी करताना घाई करू नये. जस्त-तांबे सेलमध्ये कूलॉम कार्यक्षमता, म्हणजे तांब्यावर बसवलेल्या जस्तापैकी किती परत निघाले, ते मोजावे. ती 99.5 टक्के असली, तर जस्ताचा जादा साठा नसलेल्या सेलमध्ये चार्ज-डिस्चार्जच्या 200 फेऱ्यांनंतर सुमारे 37 टक्केच जस्त उरते, 99.9 टक्क्यांवर सुमारे 82 टक्के. दोन्ही बाजूंना जस्त असलेल्या सेलचे दीर्घायुष्य फसवे असू शकते: 100 मायक्रॉन जाडीच्या पत्र्यात प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे 58 मिलिअँपिअर-तास साठा असतो, त्यातले 1 वापरले तर सेल बराच काळ चालणारच. अशा सेलचे व्होल्टेज एकाएकी खाली येऊन स्थिर झाले, तर ती सुधारणा समजू नये; सेल उघडून विभाजक पाहावा, कारण बहुधा जस्ताचा काटा आरपार गेलेला असतो.