‘दादा, जरा थांबा’ हे मुलांना म्हणता आलं पाहिजे

मुलांना डोंगर-जंगलातल्या सहलींना नेणारा मी एक ‘दादा’. सुरुवातीला मी निघण्याआधी नियमांची लांबलचक यादी वाचून दाखवायचो. मग एका जंगलवाटेवर बारा वर्षांचा मुलगा मागे राहिला. बुटाची नाडी बांधायला थांबला आणि तेवढ्यात गट वळणाआड गेला. गळ्यात शिट्टी होती, पण वाजवली नाही. वीस मिनिटांनी सापडला तेव्हा म्हणाला, “सगळे हसले असते.” त्या दिवसापासून मी नियमांकडे वेगळ्या नजरेने बघतो. मुलाला न लाजता बोलता येईल, असाच नियम उपयोगाचा.

म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येकाला शिट्टी वाजवायला लावा, अगदी कान किटेपर्यंत. डोंगरात मदत मागायची खूण म्हणजे मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर येतं मिनिटाला तीन शिट्ट्यांचं. वाट चुकली असं वाटलं की आहे तिथेच थांबायचं, शोधत फिरायचं नाही.

मुलांच्या जोड्या लावा. जोडीदार थांबला की आपणही थांबायचं आणि हाक मारायची. हजेरी नुसत्या आकड्यांवर घेऊ नका, मित्र मित्राचा आकडा बेधडक ओरडतो. चेहरा बघून मोजा: निघताना, प्रत्येक फाट्यावर, विश्रांतीनंतर आणि गाडीत बसल्यावर. एक मोठा माणूस पुढे, एक सगळ्यात शेवटी, आणि त्या शेवटच्याच्या मागे कुणीही नाही. हळू चालणाऱ्याला पुढच्या दादा-ताईच्या लगेच मागे ठेवा. विश्रांती शेवटचं मूल पोचल्यावर सुरू होते, हे पक्कं लक्षात ठेवा. नाहीतर पुढचे दहा मिनिटं बसतात, दमलेला येतो आणि सगळे उठून चालू लागतात. त्याच्या वाट्याला विश्रांती येतच नाही.

औषधांची माहिती पालकांकडून लेखी घ्या. दम्याचा पंप त्या मुलाच्याच पाठपिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात हवा, पुढे गेलेल्या दादाच्या सॅकमध्ये तो काय कामाचा?

पाण्याबाबत मी फार कडक आहे. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, श्वास घेण्यातच त्याची शक्ती जाते. म्हणून काठावर एक मोठा माणूस फक्त पाण्याकडे बघत उभा हवा, फोन खिशात. कुणी बुडताना दिसलं तर मुलांनी उडी मारायची नाही. काठी पुढे करायची, दोर किंवा तरंगणारी वस्तू फेकायची आणि मोठ्यांना बोलवायचं.

वीज चमकल्यावर सेकंद मोजा. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा, एकट्या झाडाखाली कधीच नको. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडू नका.

आता आपल्या, म्हणजे मोठ्यांच्या वागण्याचं. याबाबतीत कुठलीही सवलत नसावी. कुठल्याही मुलाबरोबर बंद जागेत एकटं राहायचं नाही. खाजगी बोलायचं असेल तर इतरांना दिसेल असं, थोडं बाजूला बसून बोला. मोठ्यांचे तंबू वेगळे. मुलांना वैयक्तिक मेसेज नाहीत, पालकांच्या परवानगीशिवाय फोटो नाहीत. मुलाने काही खुपणारं सांगितलं तर “असं कुणाला सांगू नकोस” हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. ऐका, त्याच दिवशी लिहून ठेवा आणि जबाबदार व्यक्तीला लगेच कळवा.

संध्याकाळी सगळ्यांनी बूट-मोजे काढून बसायचं आणि पाय तपासायचे, मोठ्यांनीसुद्धा. फोड वेळेवर सापडतात आणि पाय दाखवताना मुलं बोलायला लागतात. एकदा एका मुलीने ताईला टाच दाखवता दाखवता हळूच सांगितलं, की तंबूतल्या दोघी तिला रोज रात्री घाबरवतात. तंबू त्याच रात्री बदलले.