ज्युनियरचं इंग्रजी लेखन तपासायला बसताना

मराठी माध्यमातून आलेली एफवायची मुलगी असाइनमेंट घेऊन सिनियरकडे येते आणि म्हणते, "फक्त ग्रामर बघ ना." लगेच लाल पेन काढू नका. आधी प्रश्न काय होता, किती शब्दांत लिहायचंय, सबमिशन कधी आहे, हे विचारा. मग पेनाला हात न लावता सगळं एकदा वाचून काढा. उत्तरच प्रश्नाला धरून नसेल, तर जो परिच्छेद काढूनच टाकावा लागणार आहे त्यातली क्रियापदं सुधारण्यात वेळ जातो.

मुद्दा कळत नसेल तिथे कागद पालथा घालायला सांगा. "इथे तुला काय म्हणायचंय? मराठीत सांग." बहुतेक वेळा तिला ते नीट सांगता येतं. ती बोलेल ते मराठीतच टिपून घ्या, त्याची छोटी वाक्यं पाडा आणि इंग्रजीत तिलाच लिहू द्या. मध्येच एखादा परिच्छेद अचानक जडजड शब्दांचा लागला, तर तो नेटवरून उचललेला किंवा ट्रान्सलेट केलेला असू शकतो. आरोप करू नका; तिथेही हाच उपाय लागू पडतो.

"मोठ्याने वाच, कुठे खटकतंय ते सांग" ही युक्ती लहानपणापासून इंग्रजी ऐकलेल्यांना उपयोगी पडते. जे कानावरून कधी गेलंच नाही, ते खटकणार कसं? म्हणून आशयाबद्दल प्रश्न विचारा, पण भाषेचा नियम सरळ सांगून टाका. नियम ठाऊक नसलेल्या मुलीला "तुझं तू शोध" म्हणून ताटकळत ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

चुका निवडताना अर्थ बिघडवणाऱ्या आधी घ्या. "तो म्हणाला की मी येईन" हे मनात धरून ती लिहिते, "ही सेड दॅट आय विल कम." मराठीत येणारा 'तो' आहे, इंग्रजीत मात्र येणारी लिहिणारीच झाली! दोन्ही वाक्यं शेजारी लिहा, 'मी' आणि 'आय' यांना गोल करा आणि प्रत्येक ठिकाणी कोण येणार ते विचारा. हवं ते वाक्य: "ही सेड दॅट ही वुड कम."

बाकीच्या बऱ्याच चुकांच्या मागेही मराठीची घडण असते. 'जी पुस्तकं... ती' मधून "विच बुक्स आर इन द लायब्ररी, दोज आय हॅव रेड" येतं, 'जरी... तरी' मधून "ऑल्दो" नंतर पुन्हा "बट" येतं. 'गेलो होतो' मधून साध्या "वेन्ट" च्या जागी "हॅड गॉन" येतं. हे दाखवलं की चूक अडाणीपणाची वाटत नाही, आणि पुढच्या वेळी ती स्वतः पकडू शकते.

आर्टिकलचा मात्र एका बैठकीत निकाल लागत नाही, कारण मराठीत तशी सोयच नाही. सुरुवातीला एवढंच सांगा: मोजता येणारं, एकवचनी सामान्यनाम सहसा उघडं ठेवायचं नाही, आधी 'अ', 'अॅन', 'द' किंवा 'माय'सारखं काहीतरी हवंच. 'द' कधी, हे नंतर.

चाळीस मिनिटांत चुकांचे दोनच प्रकार घ्या. पहिल्या परिच्छेदात तुम्ही दाखवा, दुसऱ्यात फक्त ओळीच्या टोकाला खूण करा, तिसऱ्यात तिला शोधू द्या. पेन तिच्याच हातात राहू द्या. तुम्ही वाक्यं लिहून दिलीत तर पान सुंदर होतं, पण व्हायवाला ती अडकते.

सबमिशन उद्यावर आलेलं असेल तर? तेव्हा पहिला आणि शेवटचा परिच्छेद एकत्र बसून नीट करा, मधल्या भागात अर्थ बदलणाऱ्या चुकांवरच खुणा करा, आणि राहिलेला प्रकार तिच्या वहीत तारीख टाकून लिहायला लावा. पुढची बैठक त्याच ओळीपासून सुरू करा.