जुनी पांढरी वाइन उघडताना

पांढरी वाइन ताजीच प्यावी हा समज बहुतांशी खरा आहे. नाशिककडच्या बहुतेक पांढऱ्या वाइन वर्ष-दोन वर्षांत संपवलेल्याच बऱ्या. परंतु जर्मनीतील मोझेलची चांगली रीसलिंग, फ्रान्समधील व्हूव्रेची शेनिन ब्लांक किंवा ऑस्ट्रेलियातील हंटर व्हॅलीची सेमियाँ या द्राक्षांच्या जातीवरून ओळखल्या जाणाऱ्या वाइन अंगच्या आंबटपणामुळे दहा-वीस वर्षे टिकतात आणि खऱ्या अर्थाने तेव्हाच खुलतात.

अशी बाटली घेताना तिच्यावरील वर्षाइतकेच ती आजवर कुठे होती हेही विचारावे. कोल्हापूरच्या घरात माळ्यावर दोन उन्हाळे काढलेली एक बाटली मी मोठ्या कौतुकाने उघडली होती, आणि तिला कापून विसरलेल्या सफरचंदाचा वास येत होता. सुमारे १२ अंशांची अंधारी, स्थिर जागा नसेल, तर बाटली साठवण्याच्या फंदात न पडता लवकर उघडावी.

उघडण्यापूर्वी एक दिवस ती उभी ठेवावी. उजेडासमोर धरल्यावर रंग सोनेरी दिसला तर घाबरू नये, कारण वयानुसार लाल वाइन फिकी होते आणि पांढरी गडद. मात्र कोऱ्या चहासारखा तपकिरी रंग ही बहुधा वाईट खूण समजावी. तळाशी खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे स्फटिक आढळल्यास ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात, ते निरुपद्रवी आहेत. जुने बूच ठिसूळ झालेले असते, म्हणून स्क्रू सरळ, खोलवर आणि सावकाश फिरवावा. तरीही तुकडे पडलेच तर चहाची स्वच्छ गाळणी कामी येते.

फ्रिजमधून काढल्यावर अर्धा तास थांबावे, कारण अति थंड वाइनचा गंध दबून राहतो. पेला तिसरा हिस्सा भरावा. जुन्या रीसलिंगला चक्क रॉकेलसारखा वास येतो. तो दोष नव्हे, जाणकार त्याचीच वाट पाहतात. शेनिनमध्ये मध, मेण आणि सुक्या जर्दाळूची आठवण येते. पहिल्या घोटावर निकाल देऊ नये, तासाभरात तीच वाइन दोन-तीनदा बदलते. मात्र जिभेच्या कडांना आंबटपणा जाणवलाच नाही, तर ती वाइन संपली असे मानावे.

सोबत पांढरा रस्सा उत्तम, कारण नारळाच्या दुधाचा स्निग्धपणा या आंबटपणाला झेलतो. तांबडा रस्सा बाटली रिकामी झाल्यावरच पानात घ्यावा.