आयटीतल्या चांगल्या मॅनेजरचे आणि मेंटॉरचे आभार कसे मानावेत

चांगल्या मॅनेजरचं निम्मं काम टीमला दिसतच नाही. क्लायंटने दोन आठवड्यांत मागितलेलं काम तो चार आठवड्यांवर नेतो, पण ती घासाघीस झाली तो कॉल तुमच्या कॅलेंडरमध्ये नसतो. शुक्रवारी संध्याकाळचा रिलीज मंगळवारी सकाळी ढकलतो, तुमचा शनिवार वाचतो आणि तो कुणामुळे वाचला हे सोमवारपर्यंत विसरायलाही होतं. न घडलेल्या गोष्टींचे आभार मानायचे तर आधी त्या टिपून ठेवाव्या लागतात.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी यासाठी १५ मिनिटं काढा. नोंदीत चार गोष्टी हव्यात: तारीख, काय अडलं होतं, समोरच्याने नेमकं काय केलं किंवा विचारलं, आणि त्याने काय फरक पडला. ही वही कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवू नका, तो एक दिवस परत द्यायचा असतो. स्वतःच्या वहीतही क्लायंटचं नाव, कोड किंवा आकडे उतरवू नका. नोंद अशी दिसेल:

«१२ जून. पेमेंटची रिक्वेस्ट टाइमआउट झाली की पुन्हा पाठवायची, असा रिट्राय लिहिला होता. रिव्ह्यूमध्ये प्रश्न आला, ‹पैसे कापले गेले आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं, तर?› प्रत्येक व्यवहाराला आयडेम्पोटन्सी की (तीच रिक्वेस्ट पुन्हा आली तरी व्यवहार एकदाच होईल अशी खूण) लावली. ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जाण्याचा धोका टळला.»

काय टिपायचं ते सुचत नसेल तर एक जुना आधार आहे. गूगलने २००८ मध्ये ‹प्रोजेक्ट ऑक्सिजन› नावाने चांगल्या मॅनेजरचे गुण शोधायला घेतले. त्यांच्या यादीत पहिलं स्थान चांगला कोच असण्याला मिळालं, आणि त्याच्या लगोलग आलं टीमवर विश्वास टाकणं, प्रत्येक गोष्टीत नाक न खुपसणं. तेव्हा ‹त्यांनी काय शिकवलं› याच्या जोडीला ‹कुठे त्यांनी हात घातला नाही› हेही लिहा. दुसरी नोंद बहुतेकांच्या वहीत नसते.

आता निरोप. तीन-चार वाक्यं पुरतात. वरच्या नोंदीवरून असा:

«रिट्रायच्या रिव्ह्यूमध्ये तुम्ही विचारलं होतं, उत्तर वाटेत हरवलं तर काय? तुम्ही दोन मिनिटांत स्वतःच बदल करून मोकळे होऊ शकला असता, पण अर्धा दिवस मला शोधू दिलंत. आता कुठलाही एपीआय लिहिताना मी आधी हेच तपासतो. मनापासून थँक्यू.»

यातलं मधलं वाक्य जीव आहे. समोरच्याकडे सोपा रस्ता होता आणि त्याने तो सोडला, हे तुमच्या लक्षात आलंय हे त्यातून कळतं. ‹तुमच्यामुळेच सगळं शिकलो› असं लिहिलं की वाचणारा संकोचतो, कारण ते कुणालाही लिहिता येतं. रोजच्या बोलण्यात ‹अरे तू› असेल तर निरोपात एकदम ‹आपण› आणू नका, ते परकं वाटतं. रोज मॅडम किंवा सर म्हणत असाल तर तेच ठेवा. चारचौघांत कौतुक झालं की अवघडणारी माणसं खूप असतात, म्हणून आधी एकट्याला सांगा आणि टीमच्या चॅनलवर टाकायचं तर विचारून टाका.

वेळ चुकली की चांगला निरोपही मस्का वाटतो. तुमचं रेटिंग ठरत असताना वैयक्तिक आभार मानू नका. ते हातात पडल्यावर किंवा काम संपल्याच्या आठवड्यात माना. रेटिंग मनासारखं आलं नसेल आणि तरीही आभार मानलेत, तर त्या शब्दांना वेगळंच वजन येतं.

मॅनेजरचा खरा फायदा मात्र त्याच्या वरिष्ठांपर्यंत गेलेल्या शब्दांनी होतो, आणि तिथेच लोक हात आखडतात. अप्रेझलचं वर्ष एप्रिल ते मार्च असेल तर वरची चर्चा मार्चच्या आधीच रंगते. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत स्किप-लेव्हल मीटिंगमध्ये (मॅनेजरच्या मॅनेजरशी थेट होणाऱ्या भेटीत) दोन मिनिटं काढा, किंवा पाच ओळींची मेल लिहा. अभिप्रायाचा फॉर्म येतो तेव्हा ‹खूप सपोर्टिव्ह आहेत› यावर थांबू नका, असं वाक्य प्रत्येक फॉर्ममध्ये असतं आणि कुणी वाचत नाही. निर्णय आणि परिणाम लिहा: «ऑन-कॉलची (बिघाडाचा अलर्ट आला की धावायची) पाळी सहा जणांत वाटली आणि प्रत्येक अलर्टसाठी रनबुक, म्हणजे काय करायचं याच्या पायऱ्या, लिहून घेतलं. आता रात्रीचा अलर्ट ज्याची पाळी असेल तोच सोडवतो, बाकीच्यांचे फोन वाजत नाहीत.»

इथे एक सापळा आहे. ‹रात्री दोनलाही फोन उचलतात› हे कौतुक म्हणून लिहिलं जातं, पण त्याने ती सवय पक्की होते आणि टीमवरही तीच अपेक्षा बसते. रात्री दोनला कुणालाच उठावं लागू नये अशी व्यवस्था लावली, त्याचं कौतुक करा. तसंच मॅनेजर बाई असतील तर ‹आईसारखं सांभाळलं› एवढ्यावर थांबू नका. भावना खरी असेल, पण बढतीच्या चर्चेत आर्किटेक्चरचा निर्णय, वाचलेली मुदत, तयार केलेली माणसं यांना किंमत मिळते. त्यांच्या हक्काचं श्रेय त्याच शब्दांत द्या. आणि कुणाचंही कौतुक करताना आधीच्या बॉसची उणीदुणी काढू नका, वाचणाऱ्याच्या लक्षात तेवढंच राहतं.

कोडमध्येही आभार मानता येतात, आणि ते टिकतात. लिनक्स कर्नलच्या कमिटमध्ये (कोडमधल्या बदलाच्या नोंदीत) ‹रिव्ह्यूड-बाय› आणि ‹सजेस्टेड-बाय› अशा ओळी असतात. कल्पना दुसऱ्याची असेल तर तसं तिथे लिहिण्याची रीतच आहे. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर कमिट मेसेजच्या शेवटी, एक ओळ रिकामी सोडून ‹को-ऑथर्ड-बाय› (Co-authored-by:) लिहिलं आणि पुढे नाव व ईमेल दिला की दोघांची नावं दिसतात. ईमेल त्या व्यक्तीच्या गिटहब खात्याशी जोडलेलाच हवा, नाहीतर कमिट त्यांच्या खात्यावर दिसत नाही. डेमोच्या वेळीही ‹ही कल्पना अमुकची› हे पहिल्या स्लाइडवर सांगा, शेवटच्या स्लाइडपर्यंत निम्मे लोक कॉल सोडून गेलेले असतात.

लिंक्डइनवरच्या शिफारशीला ३,००० अक्षरांची मर्यादा आहे, पण १०० शब्दांत भागतं. ती आधी त्यांच्याकडे जाते आणि त्यांनी मान्य केल्यावरच प्रोफाइलवर दिसते. हाताखाली असताना लिहिलेल्या शिफारशीकडे लोक जरा संशयाने बघतात. टीम किंवा कंपनी बदलल्यावर लिहा, आणि क्लायंटचं नाव वगळा.

भेटवस्तूच्या भानगडीत शक्यतो पडू नका. बऱ्याच कंपन्यांच्या आचारसंहितेत वरिष्ठांना भेट देण्यावर बंधनं असतात, ती आधी वाचा. पेढ्यांचा बॉक्स सगळ्या टीमसाठी आणा. वर्गणी काढायचीच तर कुणी किती दिले याची यादी फिरवू नका, नव्याने लागलेल्या फ्रेशरला ५०० रुपयेही जड जातात आणि नाही म्हणता येत नाही.

मेंटॉरचं गणित वेगळं. त्याच्या अप्रेझलमध्ये तुमची नोंद नसते, त्याने स्वतःचा वेळ दिलेला असतो. त्याला हवं असतं ते एकच: सल्ल्याचं पुढे काय झालं? दोन आठवड्यांत कळवा. सल्ला मानला नसेल तरी कळवा: «तुम्ही डेटा इंजिनिअरिंगकडे वळायला सांगितलं होतं. मी बॅकएंडमध्येच राहायचं ठरवलं, कारण सध्याच्या टीममध्ये डिझाइनचं काम मिळतंय. सहा महिन्यांनी पुन्हा विचार करेन.» सल्ला घेऊन गायब व्हायचं आणि वर्षाने रेफरलसाठी उगवायचं, याने मेंटॉर जितका दुखावतो तितका सल्ला न ऐकल्याने दुखावत नाही.

नोकरी सोडताना सगळ्यात मोठे आभार म्हणजे नीट केटी (नॉलेज ट्रान्सफर), आपलं काम मागे राहणाऱ्यांना समजावून देणं. नोटीस पिरियड ६० दिवसांचा असो की ९०, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. कागदावर नसलेल्या गोष्टी लिहा: कुठला जॉब रात्री किती वाजता चालतो, तो पडला की आधी काय बघायचं, कुठल्या सर्टिफिकेटची मुदत कधी संपते. तुमच्या मॅनेजरची पुढची तीन महिन्यांची झोप त्या कागदावर असते. शेवटच्या दिवशी मेल आयडी कधी बंद होईल ते सांगता येत नाही, म्हणून वैयक्तिक निरोप दोन दिवस आधी द्या आणि फोन नंबर घेऊन ठेवा.

आणि ज्यांचे आभार मानायचे राहून गेले, दहा-बारा वर्षं झाली, त्यांना आषाढातली गुरुपौर्णिमा हे चांगलं निमित्त आहे. फॉरवर्ड केलेलं चित्र पाठवू नका, फोन करा. आधी मेसेज टाकून वेळ विचारा. फोनवर पहिल्या मिनिटात नाव, साल आणि प्रोजेक्ट सांगा, कारण त्यांच्या हाताखालून शेकडो जण गेलेले असतात. लगेच सांगा, «काम काही नाही, फक्त एक गोष्ट सांगायची होती.» मग ती एक गोष्ट सांगा, वहीतली.