बोट पळत नाही? इंजिन बदलायच्या आधी तळ बघा

आमच्या बामणोली-तापोळा साइडला, म्हणजे कोयनेच्या बॅकवॉटरला, बोट स्लो झाली की पहिला सल्ला ठरलेला, इंजिन मोठं टाक. मीपण टाकणारच होतो. 16 फुटी फायबर बोट, मागं 40 एचपी, आणि फुल रेस दिली तरी तोंड पाण्यात खुपसून म्हशीसारखी चालायची.

दोष निघाला तळात. बोट पालथी घाला आणि गवंड्याचा अॅल्युमिनियमचा पाटा मागच्या काठापासून पुढं, बोटीच्या लांबीत, तळाला टेकवून धरा. पाच-सहा ठिकाणी बघायचं. शेवटच्या चार-पाच फुटांत तळ एकदम सरळ पाहिजे. पाट्याच्या मधोमध खालून उजेड दिसला तर तिथं खोलगा आहे, म्हणजे मागचा काठ खाली वाकलाय, पाणी तिथं आपटून बोटीचा मागचा भाग उचलतं आणि तोंड दाबतं, मग जास्त तळ पाण्याला घासतो आणि स्पीड जातो. उलट पाटा मधे टेकून टोकाला डुलत असेल तर फुगवटा आहे, अशी बोट स्पीडला घोड्यासारखी नाचते. फुगवटा घासून काढायच्या नादाला लागू नका, फायबरच पातळ होतं, ते कारागिराचं काम.

माझ्याकडं खोलगा होता, साधारण 4 मिमी. कारण माझंच, पावसाळाभर बोट दोन टायरवर ठेवलेली आणि इंजिन मागं तसंच लटकलेलं.

काम सुरू करायच्या आधी मोबाइलच्या जीपीएसवर स्पीड लिहून ठेवा, जाताना एकदा, येताना एकदा, कारण वारा फसवतो. माणसं आणि पेट्रोल तेवढंच ठेवा नायतर नंतर तुलना करून उपयोग नाही.

काम एप्रिल-मेमध्येच करा, जूननंतर आमच्याकडं भिंती सुकत नाहीत तिथं फायबर काय सुकणार. तळ साबणानं धुवा, मग अॅसिटोननं पुसा, आणि त्यानंतरच 80 नंबर पॉलिश पेपर मारा, आधी घासलं तर तळावरचं वॅक्स आत रगडलं जातं. मास्क लावाच, फायबरची धूळ चांगली नसते. खोलगा भरायला गाडीच्या डेंटिंगची लांबी (पुट्टी) अजिबात नको, ती पाणी पिते आणि पुढच्या वर्षी पोपडे निघतात. इपॉक्सी घ्या, म्हणजे दोन भाग कालवले की घट्ट होणारं रेझिन, त्यात फिलर पावडर कालवून श्रीखंडाएवढं घट्ट करा. खोलगा जास्त असेल तर आधी विणलेल्या ग्लास कापडाचे थर द्या. मॅट, म्हणजे न विणलेल्या तुकडा-तंतूंची चादर, स्वस्त पडते पण तिचा बाइंडर, म्हणजे तंतू धरून ठेवणारा चिकटा, बहुतेक वेळा पॉलिस्टर रेझिनमध्येच विरघळतो, इपॉक्सीत नाही.

एक चूक सांगतो. मी अर्धा डबा इपॉक्सी एकदम कालवलं, मे महिन्यातली दुपार, पाच-सात मिनिटांत डब्यातून धूर आणि प्लॅस्टिकचा डबा वाकडा. इपॉक्सी घट्ट होताना तापतं, म्हणून थोडंथोडं कालवा, पसरट ताटलीत, सकाळी लवकर.

भरल्यावर त्याच पाट्यानं मागून पुढं ओढून सारखं करा. दुसऱ्या दिवशी वर येणारा चिकट थर पाण्यानं धुवा, मग दोन फुटी सरळ लाकडाला पेपर चिकटवून घासा. नुसत्या हातानं घासलं की लाटा पडतात. घासायच्या आधी वरून पेन्सिलच्या रेघा मारून घ्यायच्या, घासल्यावर रेघ राहिली तिथं अजून खड्डा आहे. शेवटी साध्या इपॉक्सीचे दोन-तीन कोट आणि वर रंग.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, मागचा काठ. तळ जिथं संपतो तो कोपरा धारदार पाहिजे, काटकोनात. गोल असेल तर पाणी सुटायच्या ऐवजी वर वळतं आणि बोट मागं ओढल्यासारखी होते. रंगारी लोक फिनिशिंग म्हणून हाच कोपरा गोल करतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा.

इंजिन परत बसवताना पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी प्लेट तळाच्या रेषेत किंवा किंचित वर ठेवा. टुरिस्टची बोट असेल तर तळाला हात लावायच्या आधी बोट तपासणाऱ्या सर्व्हेयरला विचारा.

माझी बोट त्याच इंजिनवर ताशी 4 किलोमीटरनं वाढली. आता जून आला की इंजिन उतरवून घरात आणि तळाखाली मागच्या काठापर्यंत लांब लाकडी ओंडके.