बेसबॉल शिकणाऱ्या पोरांची प्रगती कशी मोजावी: सीमाभागातल्या नव्या पीटी सरांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात बेसबॉलचं पथक उभं करायला गेलं की येणारी पोरं कोरी पाटी नसतात. त्यांच्या हातात टेनिस बॉलचं क्रिकेट मुरलेलं असतं, खेड्याकडच्या पोरांच्या पायांत खो-खो नाहीतर कबड्डी. त्यामुळे पहिल्या दिवशी काही पोरं तयार वाटतात, काही अगदीच कच्ची, आणि हे दोन्ही अंदाज बहुतेक वेळा फसतात. सगळ्यांत लांब फेकणारा पोरगा नुसत्या दंडाच्या जोरावर फेकत असतो. ज्याचा चेंडू दहा मीटरवरच टप्पा खातो त्याचं पाऊल, खांदा, कोपर सगळं जागेवर असू शकतं. म्हणून वहीत दोन रकाने आखावेत. चेंडू कुठं गेला ते एकात, हातातून कसा सुटला ते दुसऱ्यात. त्यांची बेरीज करायची नाही.

दहा ते तेरा हे वय मोजणाऱ्याला हमखास चकवतं. एकाच वर्गात एकाला मिसरूड फुटलेली आणि दुसरा त्याच्या काखेखालून जाईल एवढा. मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्यानं वाढतात, मुलगे त्यानंतर दोनेक वर्षांनी. त्या काळात हातपाय लांबतात आणि जमलेली फेक काही महिने बिघडते. म्हणून दर तीन महिन्यांनी भिंतीला टेकवून, डोक्यावर पुस्तक आडवं धरून उंची घ्या आणि गुणांच्या शेजारीच लिहा. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरच्या वर वाढ आणि नेम खाली, असं दिसलं तर पोराला ओरडू नका. ते अंग वाढतंय.

मैदान आधी मापून घ्या

बारा वर्षांखालच्यांसाठी लिटल लीगची, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल संघटनेची, मापं धरावीत: बेस (चौकोनाचा कोपरा, पळताना गाठायचा) ते बेस ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर, आणि पिचर (चेंडू टाकणारा) ते होम प्लेट (मारणारा उभा राहतो तो कोपरा) ४६ फूट, म्हणजे १४.०२ मीटर. मोठ्यांच्या मैदानावर बेस ते बेस ९० फूट असतात. त्याच्यावर लहानांना पळवलं तर आकडा मिळतो, अर्थ मिळत नाही. चौकोन बरोबर आलाय का ते कर्णावर कळतं. होमच्या मागच्या टोकापासून दुसऱ्या बेसच्या मध्यापर्यंत २५.८६ मीटर भरायला हवेत. कापडी टेप ताणली जाते, शक्यतो फायबरची घ्या. फक्कीच्या रेषा दोन दिवसांत पुसतात, म्हणून चारही कोपऱ्यांत सळीचे तुकडे जमिनीच्या पातळीखाली ठोकून ठेवा, पुढच्या वेळी शोधाशोध नको.

मैदान क्रिकेटवाल्यांबरोबर वाटून घ्यावं लागतंच. त्यांची खेळपट्टी इनफिल्डच्या, म्हणजे चार बेसच्या आतल्या जागेच्या, मधून जाईल असा चौकोन आखू नका, कारण त्या कडक पट्टीवर सरपटी चेंडू उसळतो आणि शेजारी मरतो. खानापूरकडची तांबडी माती खडेवाली, चिकोडी-अथणीकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली. दोन्हीकडे सरपटी चेंडूची चाचणी घ्यायच्या आधी दहा बाय दहा पावलांचा तुकडा झाडून, पाणी मारून, दाबून घ्यावा आणि दर वेळी तोच वापरावा.

चेंडूचंही तसंच. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा, घेर साधारण २३ सेंटिमीटर. शाळेच्या कपाटात पुष्कळदा सॉफ्टबॉलचा चेंडू निघतो, त्याचा घेर ३० सेंटिमीटर. लहान हाताची बोटं त्याच्यावर बसत नाहीत, पोरगं तळव्यातून ढकलतं आणि आपण लिहितो ‘पकड वाईट’. एकदा ज्या चेंडूनं मोजलं, वर्षभर त्यानंच मोजा. पावसात भिजलेला चामडी चेंडू जड होतो, तो चाचणीला घेऊ नका.

कधी मोजायचं

जून ते सप्टेंबर विसरा. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात आकडे घेणं म्हणजे स्वतःची फसवणूक. तेवढ्यात व्हरांड्यात पकड, पाऊल आणि टी-वरचा (चेंडू ठेवायच्या खांबावरचा) बॅटचा झोका शिकवून घ्या. पुढं सुगी आली की निम्मी पोरं भातकापणीला. पहिली मोजणी दिवाळीनंतर शाळा रुळल्यावर, दुसरी जानेवारीच्या मध्यात, तिसरी वार्षिक परीक्षेच्या आधी. उन्हाळी शिबिर घेत असाल तर चौथी शिबिराच्या शेवटी घ्या. सुरुवातीला घेतली तर सुट्टीतला गंज मोजला जातो.

वीस पोरांना दोन दिवस लागतात. पहिल्या दिवशी फेक, झेल आणि सरपटी चेंडू. दुसऱ्या दिवशी बॅट, पळणं आणि समज. एका दिवसात सगळं उरकायला गेलात तर शेवटच्या पाच पोरांचा थकवा वहीत उतरतो.

फेक

इथं वेळ द्या, बाकीचा खेळ हिच्यावर उभा आहे. नऊ-दहाच्या पोरांना १२ मीटर, अकरा-बाराच्यांना १८ मीटर अंतर. आधी पंधरा हलक्या फेकी अंग गरम करायला, मग मोजून दहा. समोरच्यानं पाय न हलवता छाती ते चेहरा या टप्प्यात झेलली तर २, एक पाऊल टाकून झेलली तर १, नाहीतर ०. एकूण २० गुण. झेलणारा पोरगा कच्चा असेल तर फेकणाऱ्याचे गुण त्याच्यापायी जातात. त्यापेक्षा भिंतीवर कोळशानं छातीएवढा चौकोन आणि त्याच्याभोवती एक पाऊल रुंद दुसरा चौकोन काढा.

‘कसा सुटला’च्या रकान्यात पाचच गोष्टी, हो किंवा नाही: दोन बोटं आडव्या शिवणीवर आहेत का, फेकायच्या आधी हातमोज्याकडचा खांदा लक्ष्याकडे वळला का, विरुद्ध पाय पुढं पडला का, चेंडू सुटताना कोपर खांद्याच्या पातळीला आहे का, फेकल्यावर हात विरुद्ध गुडघ्याकडे उतरला का. या पाच गोष्टी समोरून दिसत नाहीत. फेकणाऱ्या हाताच्या बाजूला पाच पावलांवर उभे राहा. मोबाइलवर संथ चित्रण घेतलं तर कोपराचा वाद मिटतो.

क्रिकेटवाल्या पोरांत हमखास दिसतं ते असं: वाकून उचललेला चेंडू कमरेजवळून आडव्या हातानं, एक टप्पा ठेवून. यष्टिरक्षकाकडे ती फेक चालते. बेसवरच्या पोराला टप्प्यावरचा चेंडू घ्यायला लावणं म्हणजे धावपटूला वेळ देणं. दुसरी चूक अगदी नवख्यांची, उजव्या हातानं फेकताना उजवाच पाय पुढं. ही आधी सुधारा, कारण ती असेपर्यंत बाकीच्या चार गोष्टी जमूच शकत नाहीत.

समजा सातवीतल्या एका पोराचं पान असं आहे. नोव्हेंबर: नेम ९, पाऊल चुकीचं, कोपर खाली. जानेवारी: नेम ८, पाऊल बरोबर, कोपर खाली. नुसता आकडा पाहणारा म्हणेल, पोरगं घसरलं. खरं तर त्यानं सगळ्यांत अवघड गाठ सोडवलीय आणि नव्या पावलावर नेम अजून बसायचाय. असा पोरगा जानेवारीत पथकातून काढला जातो आणि परत क्रिकेटकडे वळतो.

झेल आणि सरपटी चेंडू

हातमोजा फेकणाऱ्या हातात घालून येणारी पोरं पहिल्या दिवशी असतातच. उजवा फेकत असेल तर मोजा डाव्या हातात. कमरेच्या वरच्या चेंडूला बोटं आभाळाकडे, खालच्याला जमिनीकडे. क्रिकेटचा ओंजळीतला झेल इथं छातीच्या उंचीला आला की चेंडू मनगटावर बसतो आणि पोरगं मोज्याला घाबरतं. पहिला महिना टेनिस बॉलवर काढा. भीती गेली की नाही हे गुणांत कळत नाही, मान वळतेय का त्यावर कळतं. तेही लिहा.

सरपटी चेंडू बॅटनं मारून देऊ नका, दोन पोरांना सारखा चेंडू कधीच जात नाही. १० मीटरवरून हातानं सोडा: पाच सरळ, पाच मोज्याच्या बाजूला, पाच उलट बाजूला. हातमोजा चेंडू येण्याआधीच जमिनीला टेकलाय का, दुसरा हात झाकणासारखा वरून येतो का, एवढं बघा. उचलल्यानंतरची फेक इथं मोजू नका.

उंच झेलात एक इथलीच अडचण आहे. मराठी शाळेतलं पोरगं ‘माझा’ म्हणून ओरडतं, कन्नड शाळेतलं ‘नंदू’, आणि दोघं एकमेकांवर आदळतात. मोजणीच्या आधी पथकानं एकच शब्द ठरवावा. कुठला, ते पोरांवर सोडा.

बॅट

टी विकत घ्यायची गरज नाही. जड लाकडी पाट, त्यावर प्लास्टिकचा पाइप आणि वर स्कूटरच्या ट्यूबचा तुकडा. उंची पोराच्या कमरेएवढी. जागा पुढच्या पावलाच्या किंचित पुढं. ही जागा चुकली की सगळी मोजणी चुकते, कारण चेंडू शरीराच्या पुढं लागायला हवा. क्रिकेटमध्ये याच पोराला ‘चेंडू डोळ्याखाली येऊ दे’ असं शिकवलेलं असतं. तो थांबतो, उशिरा लागतो आणि उजव्या हाताच्या फलंदाजाचा चेंडू उजवीकडच्या रेषेबाहेर जातो. क्रिकेटमध्ये थर्डमॅनला ज्या चेंडूला चार मिळायचे, तो इथं फाउल.

दहा चेंडू क्रिकेटच्या जाळ्यात मारायचे. जाळ्यावर सुतळीनं दोन्ही फाउल रेषांची जागा बांधून घ्या. गुडघ्याच्या वर सरळ रेषेत गेला तर २, जोरात सरपटी गेला तर १, उडाला, चुकला किंवा बाहेर गेला तर ०. कान उघडे ठेवा. अल्युमिनियमची बॅट नीट बसली की ‘टण्’ वाजते. ‘थप्प’ असा आवाज आला तर रबरालाच लागलीय, मग चेंडू पुढं पडलेला असला तरी गुण नाही. असं वारंवार होत असेल तर मागचा खांदा खाली पडतोय, किंवा सरळ बॅटची सवय जाऊन चेंडूवर वरून कुऱ्हाड पडतेय.

त्यानंतर चेंडू ओळखण्याची चाचणी. बहुतेक जण ती घेत नाहीत. पोरगा बॅट घेऊन उभा, पण मारायचं नाही. दहा चेंडू टाका, चेंडू मागे पोचायच्या आत त्यानं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. मारायच्या चौकटीतून जाणारा चेंडू ‘हो’, बाकीचा ‘नाही’. चौकट अशी: प्लेट ४३ सेंटिमीटर रुंद, उंची गुडघ्यापासून खांदा आणि कंबर यांच्या मध्यापर्यंत. क्रिकेटवाली पोरं बाहेरच्या प्रत्येक चेंडूला ‘हो’ म्हणतात, कारण तिकडे तो सोडणं म्हणजे धाव सोडणं.

पळणं

होम ते पहिला बेस, तीन वेळा, मधली वेळ लिहा. हातातल्या दोन घड्याळांत ०.२ सेकंदांचा फरक सहज पडतो. तेवढ्या सुधारणेवर पेढे वाटू नका. बेसच्या पुढं तीन मीटरवर शंकू ठेवून तिथपर्यंत पळायला सांगा, नाहीतर पोरं बेसवर ब्रेक मारतात. बॅट हातात घेऊन पळणं आणि मारल्यावर उभं राहून ‘पळू का?’ म्हणून बघणं या क्रिकेटच्या दोन सवयी वेगळ्या टिपा. खो-खोवाल्यांची सुरुवात बघण्यासारखी असते. घसरण्याची चाचणी आपल्या खड्यांच्या मैदानावर घेऊच नका.

पिचिंग

फेकीच्या रकान्यात पाचही ‘हो’ मिळाल्याशिवाय कुणाला पिचर करू नका. दोन खांबांना सुतळी बांधून चौकट करा, वीस चेंडू टाकायला लावा, आत किती गेले ते लिहा. वीसच. लिटल लीगमध्ये दिवसाची कमाल मर्यादा नऊ-दहा वयाला ७५ आणि अकरा-बाराला ८५ चेंडूंची आहे. चौदा आणि त्याखालच्यानं ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. कमाल म्हणजे रोजचं लक्ष्य नव्हे. या वयात चेंडू वळवायला शिकवू नका. आणि मोजणीच्या दिवशी एक प्रश्न विचाराच: “काल काय करूलालतास?” रविवारी गल्लीच्या स्पर्धेत आठ षटकं टाकून आलेला खांदा सोमवारी बेसबॉल टाकायला येतो. कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय म्हटलं की त्या दिवसाचं पान रिकामं सोडा आणि डॉक्टरांना दाखवायला सांगा. तिथलं वाढीचं हाड अजून कोवळं असतं.

समज

मातीत चौकोन काढा, खडे ठेवा, पाच प्रसंग विचारा. एक आउट, धावपटू पहिल्यावर, सरपटी चेंडू तुझ्याकडे: कुठं टाकशील? झेल उडालाय, तू तिसऱ्यावर: कधी पळशील? पोरानं बोटानं दाखवलं तरी उत्तर धरायचं. घरी कन्नड किंवा कोकणी बोलणारं पोर मराठीत अडखळलं तर तो खेळाचा दोष नाही.

मोजणारे दोघं असतील तर पहिल्या पाच पोरांचे गुण दोघांनी वेगवेगळे लिहून ताडून बघा. पाचांपैकी तिघांत फरक पडला तर थांबा, ‘एक पाऊल’ म्हणजे केवढं ते ठरवा आणि पुन्हा सुरू करा. पालक विचारतील, “सर, कितवा नंबर?” नंबर सांगू नका, त्या महिन्यात सुधारायची एक गोष्ट सांगा. वही मात्र घरी नेऊ नका, शाळेच्या कपाटात ठेवा. सरांची बदली होते, पोरगं आठवीत जातं, आणि नव्या माणसाला पहिल्या पानावर ‘पाऊल चुकीचं’ आणि शेवटच्या पानावर ‘पाऊल बरोबर’ एवढं वाचायला मिळालं तरी त्याचा पहिला महिना वाचतो.