अमेरिकेत जुनं डिझेल मोटारहोम घेताना: इंजिन-गिअरबॉक्सची तयारी

ही चालत्या घरासारखी गाडी बघायला निघण्याआधी विक्रेत्याकडून इंजिनावरच्या प्लेटचा फोटो मागवा. कागदावरचं वर्ष गाडीचं असतं, इंजिन त्याच्या आदल्या वर्षीचं असू शकतं. १९९८-९९ च्या गाड्यांत हा फरक महागात पडतो. कमिन्सचं ५.९ लिटरचं १२ व्हॉल्व्हचं इंजिन (याची भावंडं आपल्याकडे टाटाच्या ट्रकांत धावली) पूर्ण मेकॅनिकल आणि दणकट. १९९८ मध्ये आलेल्या २४ व्हॉल्व्हच्या आयएसबीला (त्याच ५.९ चा इलेक्ट्रॉनिक अवतार) व्हीपी-४४ इंजेक्शन पंप आहे. तो डिझेलनेच थंड राहतो आणि डिझेलच त्याचं वंगण. टाकीकडून डिझेल ढकलणारा छोटा लिफ्ट पंप दमला की व्हीपी-४४ उपाशी राहून जळतो. म्हणून गेज लावून दाब मोजायला सांगा: चढावर, भार असताना, १० पीएसआयच्या खाली जाता कामा नये. ब्लॉकवर ओतीव ‘५३’ आकडा दिसला तर बाजूच्या भिंतीवर कूलंट पाझरल्याची खूण शोधा, ते ब्लॉक तडकतात. २००३ पासूनच्या कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) आयएसबीत व्हीपी-४४ नाही.

गाडी मोठी आणि जड असेल तर ५.९ चा हट्ट सोडा. कमिन्सचंच ८.३ लिटरचं आयएससी किंवा ८.९ चं आयएसएल बघा. आयएसएलला बहुधा कॉम्प्रेशन ब्रेक (इंजिनातल्या दाबानेच गाडीचा वेग रोखणारा) मिळतो, आणि रॉकीज डोंगरांच्या उतारावर त्याची किंमत कळते. पण ८.३ मध्ये वेट लायनर (बाहेरून थेट कूलंट लागणारी सिलिंडरची अस्तरं) आहेत, कूलंटमधलं अ‍ॅडिटिव्ह संपलं की लायनरला भोकं पडतात. टेस्ट स्ट्रिप सोबत न्या आणि रेडिएटरमध्ये बुडवून बघा. २००३ पर्यंतच्या आयएससी-आयएसएलचा कॅप्स हा इंजेक्शन पंपही लिफ्ट पंप बिघडला की मरतो. कॅटरपिलरचं ३१२६ई किंवा २००७ आधीचं सी-७ असेल तर इंजेक्टर ऑइलच्या दाबावर चालतात, तेव्हा ऑइल बदलल्याच्या पावत्यांशिवाय पुढे जाऊ नका.

२००७ नंतरच्या इंजिनांना डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे, २०१० नंतरच्यांना बहुतेक डीईएफही (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं द्रावण). डीईएफ टाकीतला सेन्सर बिघडला तर गाडी ताशी ५ मैलांवर येऊ शकते, हे विसरू नका.

विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन थंड हवं, आणि पोचल्यावर हात लावून बघा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिनाचा पांढरा धूर काही क्षणांत विरला तर ठीक. निळा टिकला तर ऑइल जळतंय. ऑइलचं झाकण उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. उडून पडलं तर ब्लो-बाय, म्हणजे पिस्टनच्या कडेने खाली निसटणारा वायू, जास्त आहे.

रेडिएटर मागे असलेल्या गाड्यांत टॉर्च घेऊन पंख्याच्या बाजूने आत बघाच. क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पोकळीच्या) नळीतून येणारं ऑइल आणि धूळ मिळून चार्ज एअर कूलरवर (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीवर) गोधडीसारखा थर बसतो, आणि चढावर इंजिन तापण्याचं हेच सगळ्यात नेहमीचं कारण. नीट धुतला तर प्रश्न सुटतो, त्यामुळे ही सौदा मोडणारी बाब नाही, किंमत कमी करून घ्यायची आहे.

गिअरबॉक्स बहुधा अ‍ॅलिसनचा. त्यांच्या जुन्या एटी-५४५ मध्ये लॉक-अप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) नाही, त्यामुळे चढावर ऑइल तापतं आणि डिझेलही जास्त लागतं. जड गाडीत तो टाळा. अ‍ॅलिसनचाच ३०००एमएच निवडा. त्याच्या कीपॅडवर वर-खालीचे बाण एकत्र दाबले की ऑइलची पातळी येते, पुन्हा दाबलं की साठवलेले बिघाडाचे कोड. पातळी सपाट जागेवर, न्यूट्रलमध्ये, गिअरबॉक्स गरम झाल्यावर आणि दोन मिनिटं थांबून बघायची. नाहीतर आकडा मिळत नाही किंवा चुकीचा मिळतो. आत सिंथेटिक आहे की साधं ऑइल, हे विचारा. पावती नसेल तर फिल्टरसकट बदलण्याचा खर्च हिशोबात धरा.

शेवटी २० मैल चालवा, त्यात एक लांब चढ हवाच. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर कूलंटचा काटा २१० फॅरनहाइटच्या आसपास थांबला पाहिजे, चढत राहता कामा नये. परतल्यावर गरम इंजिनाचं ऑइल बाटलीत भरून लॅबला पाठवा: सिलिकॉन जास्त म्हणजे हवेच्या वाटेने धूळ शिरतेय, सोडियम-पोटॅशियम म्हणजे कूलंट. रिपोर्ट हातात येईपर्यंत बयाणा देऊ नका.